रॅलेला मूल दाखवण्याची शास्त्रोक्त पद्धत

घरात एक जुनी सायकल आहे आणि एक मूलही आहे, एवढ्या भांडवलावर हल्ली पुष्कळ बाप दोघांची गाठ घालून द्यायला निघतात. लग्न जमवताना आपण निदान पत्रिका तरी बघतो. इथे तेवढीही तसदी कुणी घेत नाही. म्हणून इच्छुक पालकांसाठी ही कृती. पायऱ्या क्रमाने पाळाव्यात. मधली एखादी गाळल्यास गुडघ्याला मलम लावण्याची पायरी आपोआप वाढते.

१. कूळ तपासा
हँडलखालच्या बिल्ल्यावर बगळ्याचं डोकं, म्हणजे रॅलेची खूण, दिसलं की बापाला रॅलेचं विलायतेतलं माहेर नॉटिंगहॅम दिसू लागतं. घाई करू नये. रॅले आपल्याकडे आसनसोललाही बनत होती, सेन-रॅलेच्या कारखान्यात. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचं तीन गिअरचं हब असेल, तर ते रॉकेलच्या फडक्याने पुसावं. साठलेल्या वंगणाखाली बहुधा दोन आकडी साल कोरलेलं सापडतं. ५८ म्हणजे १९५८. ही बातमी मुलाला सांगावी. मूल ‘बरं’ म्हणेल आणि घंटी वाजते का ते बघेल. त्याचं बरोबर आहे.

२. मूल मोजा
मोठ्यांच्या काळ्या सायकलीला २८ इंची चाकं आणि २२ किंवा २४ इंची फ्रेम असते. मुलाला नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं करावं. दोन्ही टाचा जमिनीला टेकून वर इंच-दोन इंच जागा उरली पाहिजे. उरत नसेल तर कृती इथेच थांबवावी.

थांबवली जात नाही. बाप म्हणतो, “आम्ही नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकलो!” शिकले, हे खरं. घरात सायकल एकच होती, ती वडिलांची होती, आणि ते कचेरीतून परतल्यावर जेवायला बसेपर्यंतच हाती लागायची. खिशात चार आणे आले की हीच पोरं भाड्याच्या सायकलींच्या दुकानाकडे धूम ठोकायची आणि तासावर छोटी सायकल घ्यायची. चार आण्यांच्या टंचाईला ‘संस्कार’ हे नाव पुढे पन्नाशीत मिळालं.

३. वजन करा
दहा वर्षांचं मूल साधारण तीस किलोचं, सायकल विसाच्या आसपास. चालवताना हे जाणवत नाही. जाणवतं ते स्टँडला लावताना. एका हाताने कॅरियर उचलायचं, पायाने स्टँड दाबायचा आणि त्याच वेळी हँडल वळू द्यायचं नाही. हा प्रयोग शेजाऱ्यांच्या गाडीपासून लांब करावा.

४. ब्रेक दाबून बघा
जुन्या सायकलीला केबल नसते, सळ्या असतात. दांडी ओढली की रबरं आतल्या बाजूने रिमवर चढतात. चाकाचा आऊट काढलेला नसेल तर ती एकदा घासतात, एकदा सोडतात. पावसात स्टीलची रिम ओली झाली की दांडी ओढल्यावरही सायकल बरीच पुढे जाऊन मग थांबते. शिवाय दांडी मोठ्यांच्या पंज्याच्या मापाची. मुलाची बोटं तिथवर पोचत नसतील, तर ब्रेक आहे असं समजू नये.

५. दिवा लावा
डायनॅमो टायरला टेकवला की वीज फुकट, आणि बापाचं पर्यावरणावरचं व्याख्यानही फुकट. मात्र चाक थांबलं की दिवा विझतो, म्हणजे नेमका सिग्नलला, मागे ट्रक उभा असताना. म्हणून मागे लाल रिफ्लेक्टर आणि बॅटरीचा दिवा लावावा. त्याने सायकलीचं पुरातनपण बाटत असेल तर बाटू द्यावं.

६. पाने हातात द्या
इथे मात्र जुनी सायकल पैकीच्या पैकी गुण घेते. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधणं, कानशीने घासून सोल्यूशन लावणं, ते सुकेपर्यंत पॅच न चिकटवण्याचा धीर धरणं, हे दहा वर्षांच्या मुलाला बापापेक्षा चांगलं जमतं. पार्टांची काळजी नको. १९५१ साली सोनीपतला सुरू झालेल्या अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे बरोब्बर जागतिक सायकल दिनी बंद पडला; तरी तिच्या कॉटर पिना जुन्या दुकानांत मिळतात, कारण देशी काळ्या सायकलींचे बरेचसे पार्ट एकमेकींना चालतात.

७. निकाल लावा
नुसती बघायचीच हौस असेल तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, तिथे मुलाला न्यावं. चालवायचीच असेल आणि उंची, ब्रेक, दिवा हे तिन्ही जमत असेल, तर सायकल मुलाला खुशाल द्यावी. फक्त देण्यापूर्वी तिच्या काळ्या रंगावर मोठा ओरखडा पडलाय अशी कल्पना करून बघावी. तोंडातून ओरड निघत असेल, तर ती सायकल तुमचीच आहे. ती तुम्ही चालवा आणि मुलाला २० इंची चाकांची नवी घेऊन द्या.