तात्यांची पाखरं

शिवाजी पेठेत माणसाला आधी तालीम विचारतात, मग नाव. आमचे तात्या हा नियम पक्ष्यांनाही लावतात. गळ्यात दुर्बीण, पायात करकरणारं कोल्हापुरी पायताण आणि तोंडात फुटबॉल. पायताणाच्या आवाजानं निम्मी पाखरं आधीच उडतात. कुणी बोललंच तर तात्या म्हणतात, "उडू दे की! उडाल्याबिगर वंचक वळखायचा कसा?" तेही खरंच. रंकाळ्याच्या काठावर चिखलाच्या रंगात मुरून बसलेला वंचक उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख दाखवतो.

तात्यांच्या लेखी सगळी सृष्टी पेठांत वाटलेली. रंकाळ्यात पाणकावळा बुडी मारून मासे धरतो, वारकरी पाणवनस्पती खातो आणि लांब लाल पायांचा शेकाट्या काठच्या उथळ पाण्यात चोच घालत फिरतो. "मैदान एकच, पोझिशन येगळी. गोलकीपरला फॉरवर्डला खेळवशील काय?" पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर चंडोल आणि टिटवी, दोघांचाही संसार जमिनीवर. राधानगरीच्या जंगलात मलबारी धनेश आणि पावसाळी पहाटे शीळ घालणारा शीळकरी कस्तूर. १९५८ सालचं हे अभयारण्य म्हणजे तात्यांच्या मते जुनी, मुरलेली तालीम.

घरासमोरच्या कट्ट्यावर एकदा एका पोरानं विचारलं, "तात्या, धनेश आपल्या पेठेत का येत न्हाई वो?"

तात्या खवळले. "तू जाशील काय राजारामपुरीत ऱ्हायला? त्याला उंबराची फळं लागत्यात, जुन्या झाडाची ढोली लागत्या. हितं हाय का ढोली?" मग धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर बाहेरून फटीतून तिला फळं भरवतो, हे त्यांनी असं काही रंगवलं की आतून काकूंचा आवाज आला, "उद्यापास्नं मीबी कोंडून घेतो. चहा फटीतनं द्या!"

थंडीत उत्तरेकडून येणाऱ्या धोबी पक्ष्याला तात्या 'परदेशी खेळाडू' म्हणतात. हंगाम संपला की तो जाणार, म्हणून त्याच्यावर फार जीव लावायचा नाही. घार आणि कावळा मात्र कुठल्याही पेठेत, कुणाच्याही जेवणावळीला हजर. त्यांना तात्यांनी राजकारणात टाकलंय.

मुलानं पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा तात्या हौसेनं राहायला गेले आणि आठवडा भरायच्या आत परत आले. गॅलरीसमोर झाड, झाडावर तांबट, ताटात मटण. तक्रारीला जागाच नव्हती. काय बिनसलं विचारलं, तर काकू म्हणाल्या, "काय सांगू भाऊजी, मी घाबरलोच! तिथं ह्यांच्या तोंडातनं शब्द फुटंना. ना कट्टा, ना भांडायला कोण. आन् उभ्या मारुतीजवळ रिक्षातनं उतरलो न्हाई, तवर ह्यांचा किलबिलाट सुरू!"