नाक्यावरचे कानसेन

गाडीतून विचित्र आवाज आला की ती मेकॅनिककडं न्यावी, असं गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते लिहिणारा माणूस बीडला आलेला नसावा. इथं आवाज आधी आप्पांकडं जातो.

आप्पा ही एक व्यक्ती नाही, ते पद आहे. बीडच्या बार्शी नाक्यावर एक आप्पा आहेत, माजलगावच्या मोंढ्याजवळ एक आहेत, आष्टी-पाटोद्याकडं त्यांनाच तात्या म्हणतात. वय साठीच्या अलीकडं-पलीकडं. पांढरा शर्ट, खिशात टेस्टर. या टेस्टरनं त्यांनी आजवर फक्त कान कोरला आहे. ऐन उमेदीत काळी-पिवळी जीप चालवलेली, दोन हंगाम मुकादमाच्या ट्रॅक्टरवर काढलेले. स्वतःच्या नावावर चारचाकी कधीच नव्हती, म्हणून कुठल्याही कंपनीच्या गाडीबद्दल ते निःपक्षपातीपणे वाईट बोलू शकतात.

माझ्या गाडीचं पुढचं उजवं चाक बोलू लागलं ते सीताफळांच्या दिवसांत. कुई... कुई... कुई. चाकाच्या एका फेऱ्याला एक. गाडी हळू चालवली की सावकाश, जोरात चालवली की घाईनं. मी डिकीत कुत्र्याचं पिल्लू कोंडलंय की काय, अशा नजरेनं लोक बघत होते.

टपरीपुढं गाडी उभी करायला गेलो, तर आप्पांनी डोळे मिटून नुसता हात वर केला.

"थांबू नको. तसाच पुढं घे. हळू."

मी पुढं घेतली. मग मागं घेतली. मग पुन्हा पुढं. आप्पांचे डोळे मिटलेलेच. बशीतला चहा निवत होता.

"कवापासून वाजायली?"

"परवापासून, आप्पा."

"परवा कुठं गेल्तास?"

"अंबाजोगाईला."

"मांजरसुंब्यावरून, का धारूर घाटानं?"

मला वाटलं, आता माझ्या सोयऱ्यांची चौकशी सुरू होणार. मी "धारूर" म्हणालो आणि विसरून गेलो.

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. आप्पांचे प्रश्न चोख असतात. गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये सोडायला लावतात. तरी आवाज चाकाच्या लयीतच राहिला, तर इंजिन सुटलं. ब्रेक दाबल्यावर बदलतो का, हे विचारतात, कारण बऱ्याच ब्रेकपॅडला पोलादाची एक बारीक जीभ असते. पॅड झिजलं की ती डिस्कला घासून किंचाळते; कंपनीनं मुद्दाम ठेवलेली ओरड आहे ती. पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो, तो दहा-बारा ब्रेकमध्ये निघून जातो, हेही त्यांना ठाऊक असतं. पण हे सगळं ते कंपनीच्या भाषेत सांगत नाहीत. त्यांचं शास्त्र क्रियापदांचं आहे.

"बेअरिंग रडत नसतं, बेअरिंग घुमतं. स्पीड वाढला की घुमणं वाढतं, आन् वळणावर भार पडला की अजून. पॅड किंचाळतं. लायनर खरडतं. बुश कण्हतं, तेबी स्पीडब्रेकरवरच. एक्सलचा जॉइंट कटकट करतो, पण पूर्ण स्टेअरिंग कापल्यावर. तुझं चाक कुरकुरायलंय. हे येगळं."

हा कान वडिलार्जित आहे. आप्पांचे वडील ऊसतोडीला बैलगाडी घेऊन जायचे. गाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं, आणि रात्रीच्या अंधारात नुसत्या आखाच्या करकरीवरून ते सांगायचे की मागून कोणाची गाडी येतेय आणि तो किती आळशी आहे. गाड्यांना रबरी टायर आले, बेअरिंग आलं, करकर गेली. जमीन भावांत वाटली गेली, कान तेवढा आप्पांना आला. शिवाय बीड शहरात पहिली प्रवासी रेल्वे आली तीच मुळी १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर इथून जो कोणी कुठं गेला तो रबरी चाकावर, खडी आणि खड्ड्यांवरून गेला. कान तयार होणार नाही तर काय?

एव्हाना टपरीपुढं मंडळ जमलं होतं. खतदुकानवाले म्हणाले, बेअरिंग. त्यांचे मागच्या महिन्यात बेअरिंगमध्ये पैसे गेले होते. पानवाल्याचे पॅडमध्ये गेले होते. तो म्हणाला, पॅड. एक सर म्हणाले, व्हीलकपची क्लिप सैल असेल. त्यांचा व्हीलकपच चोरीला गेला होता. गाडीला हात न लावता माझा खर्च नऊ हजारांवर पोचला.

"बसून बघावं लागंल," आप्पा म्हणाले आणि पुढच्या सीटवर बसले.

ते बसले आणि आवाज थांबला. दवाखान्यात गेल्यावर खोकला थांबतो, तसा. मांजरसुंब्याच्या दिशेनं पाच किलोमीटर गेलो, कुई नाही. मी खजील. आप्पा मात्र गंभीर झाले.

"भार कमी पडायलाय. मागं वजन टाकून बघू."

वजन त्यांच्या भाच्याच्या शेतात तयारच होतं. भौगोलिक मानांकन मिळालेल्या बीडच्या सीताफळांची तीन क्रेट आणि ज्वारीचं एक पोतं. ते वजन गाडीसाठी पुरेसं होतं की नाही हे वाटेत कळेना, म्हणून आप्पांच्या घरापर्यंत न्यावं लागलं. तिथं ते उतरवून "आता बिगर वजनाची" चाचणी घेताना आम्ही त्यांची चक्कीवरची पिशवी आणली आणि एका लग्नाचा आहेर पोचवून आलो. परतताना नाक्याच्या वळणावर चाक पुन्हा कुरकुरलं. आप्पांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी नातवाचं तोंड बघणाऱ्या आजोबांवरच पाहिलेलं आहे.

"आप्पा, चाक खोलून बघू या का?" मी म्हणालो.

टपरी शांत झाली. खोलणं हा शब्द आप्पांपुढं काढायचा नसतो. त्यांच्या मते खोलतो तो अडाणी. ज्याला कान नाही त्यानं पाना हातात घ्यावा. मला वेगळीच शंका आहे. चाक खोललं की दोन मिनिटांत उत्तर मिळतं, आणि मग उरलेली दुपार रिकामी पडते.

पण समोरच्या गॅरेजमधला पोऱ्या रिकामाच उभा होता. त्यानं जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं. खेळ नव्हता, म्हणजे बेअरिंग ठीक. हातानं फिरवलं. कुई. नट काढले, चाक उतरवलं, डिस्कमागचा पातळ पत्रा स्क्रू-ड्रायव्हरनं जरासा बाहेर वाकवला. टप्. हरभऱ्याएवढा काळा खडा खाली पडला. पत्रा सरळ, चाक जागेवर, चाक फिरवलं, गप्प.

"किती झाले रे?"

"द्या काका चहापुरते."

मी चोरून आप्पांकडं बघितलं. वाटलं, माणूस आता खचणार. आप्पा उठले, खडा उचलला आणि शर्टाला पुसला.

"मग मी धारूर का मांजरसुंबा विचारलं ते कशापायी?"

मी गप्प. खतदुकानवाले गप्प. प्रश्न तर त्यांनी पहिल्याच मिनिटाला विचारला होता.

"ही घाटातल्या रस्त्याची खडी हाय," आप्पा म्हणाले.

"ही? ही तर क्रशरची. कोपरे बघा की," सर म्हणाले.

"क्रशरला दगड मुंबईहून येतो का?"

सर भूगोलाचे. त्यांनी सांगितलं, की बालाघाटाचा सगळा दगड एकच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बसाल्ट. तुकडा बघून गाव ओळखता येत नाही. आप्पांनी त्यांच्याकडं दयेनं पाहिलं. पानवाला म्हणाला, गेवराईकडचा असणार, तिकडं त्याची मेहुणी दिलेली आहे. पुन्हा चहा सांगितला गेला.

मी गाडी सुरू केली. ती एवढी मुकाट निघाली की कुणाचं लक्षच गेलं नाही. आरशात पाहिलं, तर सगळे आप्पांभोवती वाकले होते. आप्पांनी डोळे मिटून एक हात वर केला होता आणि दुसऱ्या हातानं तो खडा कानाशी धरून हलवत होते.