क्लच नसलेला घाट

बुलेटवरून परदेश पालथा घालायचं स्वप्न माणसाला पंचविशीत पडतं आणि पन्नाशीत परवडतं. मधल्या काळात गुडघे कुरकुरू लागतात, पोट टाकीला टेकतं. उत्साह तेवढा कोरा राहतो, कारण तो कधी वापरलेलाच नसतो. असा कोरा उत्साह बाळगणारे मित्र एकत्र आले की लोणावळ्याचा बेत लांबत लांबत कुठवर जाईल याचा नेम नाही. आमचा व्हिएतनामच्या उत्तर टोकापर्यंत, पार चीनच्या सीमेजवळच्या हा जियांगपर्यंत गेला.

हनोईपासून हे गाव सुमारे तीनशे किलोमीटरवर. तिथून डोंग व्हान, मेओ वाक असा चुनखडीच्या सुळक्यांमधून फिरणारा रस्ता जगभरच्या बाइकवाल्यांना ठाऊक आहे. सुमारे १८५ किलोमीटरचा हा रस्ता १९५९ ते १९६५ या काळात डोंगरातल्या तरुणांनी हातोडी आणि पहारीने खोदला. मा पी लेंग घाटात तर कड्यावर दोराने लोंबकळत त्यांनी दगड फोडला. आजही त्याला ‘सुखाचा रस्ता’ म्हणतात. आम्ही त्यावर पहिला किलोमीटर कापला तेव्हा आमच्यातले अण्णा म्हणाले, “सुख खोदणाऱ्यांना मिळालं असेल. आपल्याला काही लक्षण दिसत नाही.”

अण्णांचा राग घाटावर नव्हता, गाडीवर होता. तिथे भाड्याने सर्रास मिळतात त्या होंडा वेव्हसारख्या हलक्या गाड्या. गिअर आहेत, क्लच नाही. क्लच नाही म्हणजे सोपं, असं वाटतं ना? डावा हात दर वळणावर नसलेला क्लच दाबायला जातो आणि हवेत मूठ आवळतो. बरं, आपल्या नव्या बुलेटला पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर. वेव्हला सगळे पुढे दाबत वाढवायचे, टाचेने मागे दाबत कमी करायचे. त्यामुळे तीव्र उतारावर आमच्या डॉक्टरने वेग आवरायला सवयीने पायाचा पुढचा भाग दाबला की गाडी वरच्या गिअरमध्ये जाई आणि मोकाट सुटे. मागून आम्हाला फक्त “अगं आई गं!” ऐकू येई, तेही लांब लांब जात.

अण्णांचं दुखणं आणखी जुनं. त्यांची हयात जुन्या बुलेटवर गेलेली. तिचे गिअर उजव्या पायाला. पहिला वर, पुढचे खाली. म्हणजे दाबून गिअर वाढवायची सवय त्यांना होती, फक्त पाय चुकीचा होता. वेव्हच्या उजव्या पायाशी ब्रेक असतो. चढावर अण्णा मोठ्या रुबाबात दुसरा गिअर टाकत आणि गाडी जागच्या जागी उभी राही.

आणि आमचा बाळ्या? तो शीळ घालत पुढे निघून गेलेला. कॉलेज संपल्यावर बाळ्याने हीरो होंडा स्ट्रीट घेतली होती. क्लच नसलेली, पायात मोकळी जागा असलेली गाडी. “भाजी आणायला बरी आहे,” म्हणून आम्ही त्याला वर्षानुवर्षं पिडलं. हा जियांगमध्ये कळलं, की ती या वेव्हचीच चुलत बहीण. दुसऱ्या दिवशीपासून एमडी झालेला डॉक्टर बाळ्याच्या मागे मागे, “बाळ्या, आता टाच की बोटं?” असं विचारत गाडी चालवू लागला. इतकी वर्षं साठलेल्या टोमण्यांची बाळ्याने वळणावळणाला वसुली केली.

दुसरा घोटाळा दिशेचा. तिकडे वाहनं उजवीकडून चालतात. हनोईच्या गर्दीची भीती आम्हाला फार होती, पण गर्दीत चुकायची सोयच नसते. ती तुम्हाला बरोबर ओढून नेते. चूक होते ती पहाटे, सुनसान रस्त्यावर. होमस्टेच्या फाटकातून बाहेर पडलं, समोर धुकं, चिटपाखरू नाही, की गाडी आपोआप डावी बाजू धरते आणि मन म्हणतं, वा, काय शांत रस्ता आहे! धुक्यातून समोर ट्रकचा दिवा दिसला की शांतता संपते. म्हणून निघताना “उजवीकडे रेऽऽ” असा पुकारा करायची पद्धत आम्ही पाडली. शेजारच्या मक्याच्या शेतातल्या ह्मोंग जमातीच्या आजीबाईंना ही आमची प्रार्थना वाटली असावी. तशी ती होतीच.

पैशांचा कारभार खजिनदाराकडे होता. तिथली वीस हजार डोंगची नोट निळी आणि पाच लाखांची निळसर हिरवी. दोन्हींवर हो चि मिन्ह, आपल्या नोटांवर गांधीजी असतात तसेच. चाळिशीचा चष्मा खिशात ठेवून कॉफीचे पैसे देणाऱ्या माणसाला या दोघींत पंचवीस पटींचा फरक आहे हे कोण सांगणार? कॉफीवाल्या बाईंनीच सांगितलं. नोट परत करून त्या इतक्या हसल्या, की खजिनदाराने उरलेली सहल चष्मा लावूनच काढली.

संध्याकाळी मक्याची दारू. यजमान जुन्या पाण्याच्या बाटलीतून ती ओततात, “मोत, हाय, बा, योऽ!” असा गजर होतो आणि प्रत्येक पेल्यानंतर हस्तांदोलन. नाही म्हणणं जड जातं. पण तिथे २०२० पासून चालकाच्या श्वासात दारूचा अंशही चालत नाही. डॉक्टरने फर्मान काढलं : सकाळी हँडल धरणाऱ्याने रात्री नुसतं हस्तांदोलन करायचं.

एका रात्री मात्र अण्णांनी शांतपणे पेला पुढे केला. उद्या ते गाडी चालवणार नव्हते. मा पी लेंगसाठी त्यांनी ‘इझी रायडर’ ठरवला होता, म्हणजे तुम्हाला मागे बसवून घाट फिरवून आणणारा तिथलाच पोरगा. अण्णा आणि मागच्या सीटवर! आम्ही गप्प झालो.

दरी दिसते, म्हणून माणूस तिला जपून असतो. सवय दिसत नाही. त्या प्रवासात आमचे जे काही घोटाळे झाले, ते तीस वर्षांत उत्तम येऊ लागलेल्या गोष्टींमुळेच. आणि कोण पट्टीचा, कोण भाजीवाला, ही आमची उतरंडही त्याच सवयींवर उभी होती. घाटाच्या माथ्यावर, खोल खाली न्यो क्वे नदीचा हिरवा पट्टा दिसतो तिथे, अण्णा आमची वाट बघत बसले होते. आम्ही पोचलो ते रस्त्यावरचे खडे मोजत, घामाघूम.

“आयुष्यभर घाट चालवले रे,” ते म्हणाले, “पण बघितला हा पहिलाच.”

तेव्हापासून एक नवीच अडचण होऊन बसली आहे. पुढच्या सहलीला मागे बसायला सगळे एका पायावर तयार आहेत. चालवायला फक्त बाळ्या आहे, आणि तो आता भाव खातो.