आयदर ऑर सर्व्हायव्हर

आमच्या इमारतीतल्या काका-काकूंकडे कुठलीही गोष्ट एकट्यानं सांगून पुरी व्हायची नाही. काकांनी सुरुवात करायची, काकूंनी स्वयंपाकघरातून दुरुस्ती धाडायची, काकांनी ती फेटाळायची आणि मग काकूंनी पदराला हात पुसत बाहेर येऊन पुरावेच मांडायचे. ऐकणारा नवखा असला तर त्याला वाटायचं, आपल्यापायी यांच्यात जुंपली. बिचारा चहा अर्धा टाकून उठायचा. जुने लोक मात्र बशीत ओतून निवांत बसत. अजून भूकंप व्हायचाय, हे त्यांना ठाऊक असायचं.

अशी एक जोडी डोंबिवलीतल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या इमारतीत असते. नवरा रेल्वेत, बँकेत नाहीतर मंत्रालयात चिकटलेला आणि तिथूनच रिटायर झालेला. बायकोनं त्याच्या पगारात दोन मुलं, एक नणंद आणि एक वन रूम किचन उभं केलेलं. लग्नाला पन्नासच्या वर वर्षं. ही माणसं एकमेकांचं कौतुक करत नाहीत. चुकून केलंच, तर दुसरा कपाळाला हात लावून ताप बघेल. एकमेकांचं नाव घेत नाहीत, ‘अहो’ आणि ‘अगं’वर संसार चालतो. आमच्या काकांचं पाळण्यातलं नाव मला विजेच्या बिलावरून कळलं.

तर भूकंप. काका-काकूंचं लग्न १९६७च्या वैशाखातलं आणि कोयनेचा भूकंप त्याच वर्षीच्या ११ डिसेंबरचा, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी. तारीख आणि वेळ याबाबत दोघांचं एकमत होतं, कारण ते पेपरात छापून आलेलं. त्यापुढे एकमत नाही.

“हिला हाताला धरून मी अंगणात आणली,” काका सांगायचे.

“हाताला मी धरलं होतं,” आतून. “फळीवरची पितळी भांडी वाजायला लागली. मला आधी वाटलं, यांचं घोरणंच आहे. सात महिने तेच ऐकत होते. मग पातेलं खाली आलं तेव्हा हलवलं यांना. डोळे न उघडता म्हणाले, डबा झाला का?”

“डबा नाही. मी म्हटलं, दार उघड.”

“दाराला द आहे, डब्याला ड. मला ऐकू येत होतं तेव्हा.”

पन्नास वर्षांत या खटल्यात निकाल लागला तो इतकाच, की भूकंप झाला होता.

काकांची नोकरी मध्य रेल्वेच्या हिशेबाच्या ऑफिसात. ते आयुष्यभर ‘बोरीबंदर’ला गेले आणि काकू त्यांना आयुष्यभर ‘व्हीटी’ला पाठवत राहिल्या. १९९६ साली सरकारनं तिसरंच नाव दिलं, २०१७ साली त्यात आणखी भर घातली, तरी या घरात वाद पहिल्या दोन नावांतच होता. “बोरीबंदर म्हणायला तुम्ही काय लोकमान्य टिळकांच्या डब्यातून जात होतात?” असं काकू विचारायच्या. यावर काकांकडे उत्तर नव्हतं. ते टाइमटेबल उघडून बसायचे. रिटायर झाल्यावरही ते दरवर्षी नवं टाइमटेबल आणत, आणि कुठली गाडी कुठल्या स्टेशनात किती मिनिटं थांबते हे वाचून कधी हळहळत, कधी खूश होत. काकू त्याला पोथी म्हणायच्या.

पण काकांची खरी पोथी म्हणजे चौऱ्याहत्तरचा संप. ८ मे १९७४ला देशभरातले रेल्वे कामगार संपावर गेले, जॉर्ज फर्नांडिस त्याच्याही आधी तुरुंगात गेलेले, आणि घराघरांतून माणसं उचलली जात होती. वीस दिवसांनी संप मागे घेतला गेला, पदरात काही पडलं नाही. हा सगळा इतिहास काका बसल्या जागी ताठ होऊन सांगत. आवाज खाली यायचा. “मी तीन दिवस भूमिगत होतो.”

इथे आतला नळ बंद व्हायचा.

“भूमिगत म्हणजे माझ्या माहेरी,” काकू दारात. “बदलापूरला. माळ्यावर. तिन्ही दिवस दोन्ही वेळा आमरस. माझी आई शिडीवर चढून वाट्या पोचवायची.”

“एक दिवस आमरस होता.”

“तिन्ही दिवस. साठ रुपयांची पेटी संपली. दादा अजून काढतो.”

“त्या काळात साठ रुपयांना पेटी?”

“म्हणून तर काढतो!”

आमरसात क्रांती अशी बुडाली की काका जरा वेळ खिडकीबाहेर बघायचे आणि मग ठेवणीतला हुकमाचा पत्ता काढायचे. “मी तिकडे असताना इथे पोलीस आले होते. दारात. आणि ही, अठ्ठावीस वर्षांची पोर, कडेवर मूल, उंबऱ्यात पाय रोवून उभी! म्हणाली, घरी नाहीत, कुठे गेलेत ते मला सांगून जात नाहीत. गेले परत.”

हे सांगताना काकांचा चेहरा बघावा. स्वतःच्या तीन दिवसांचं सांगताना जेवढा फुलायचा नाही, तेवढा या एका मिनिटाचं सांगताना फुलायचा.

“पोलीस कुठले,” काकू म्हणायच्या. “विजेचं मीटर वाचणारा होता. खाकी कपडे होते इतकंच. तुम्ही होतात का इथे?”

“मीटरवाला ‘साहेब आहेत का’ विचारतो?”

“मागच्या महिन्याचं बिल थकलं होतं, म्हणून विचारलं!”

ही गोष्ट मी पंचवीसएक वेळा तरी ऐकली असेन. एवढ्या ऐकण्यात एक गंमत लक्षात आली. काका स्वतःला फुगवत आणि काकूंनाही फुगवत. काकू टाचणी घेऊन दोघांनाही सारख्याच फोडत. यात पक्षपात नाही. आणि काकांना त्या टाचणीची इतकी सवय होती, की काकू हळदीकुंकवाला वगैरे गेलेल्या असल्या तर काका संपाची गोष्ट काढायचेच नाहीत. “येऊ दे तिला,” म्हणायचे.

काका २००१ साली साठाव्या वर्षी रिटायर झाले आणि घरात पेन्शन हा नवा विषय आला. बँकेचं पासबुक काका गीतेसारखं कव्हर घालून ठेवत. पहिल्या पानावर दोघांची नावं, खाली शिक्का: आयदर ऑर सर्व्हायव्हर. काकूंनी अर्थ विचारला. काका म्हणाले, “दोघांपैकी कुणीही, किंवा जो उरेल तो.”

“उरेल तो? भाजी आहे का?” काकू म्हणाल्या. “आणि या घरात उरलेलं आजवर मीच संपवलंय.”

मग काकांनी हिशेबनिसाच्या उत्साहानं पुढचं समजावलं. पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी. उद्या आपण गेलो की बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन, ते त्याच पगाराच्या तीस टक्के. म्हणजे आत्ता येतंय त्याच्या साठ टक्के.

काकूंनी क्षणभर विचार केला. “म्हणजे चाळीस टक्के तुम्ही एकटेच खाता होय?”

त्या दिवसापासून काकांनी तिसरी पोळी मागितली की काकू “चाळीस टक्के झाले” म्हणायच्या. पुढे कुणीतरी सांगितलं की ऐंशी पूर्ण झाली की पेन्शन वीस टक्क्यांनी वाढते. झालं. काकूंनी काकांच्या तब्येतीचा ताबा घेतला. सकाळी मेथीचं पाणी, संध्याकाळी गणपतीच्या देवळापर्यंत चालणं, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर. काका कुरकुरले की उत्तर ठरलेलं, “ऐंशीपर्यंत थांबा. मग काय हवं ते खा.” एखाद्या बाईला नवऱ्याची काळजी वाटते हे उघड बोलायची लाज वाटत असेल, तर सरकारी नियमासारखी सोय नाही.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. बँकेत अंगठ्याचं यंत्र आलं आणि काकांचा अंगठा त्याला पटेना. चारदा पुसला, तेल लावलं, दुसरा अंगठा झाला, बोटं झाली. कारकून म्हणाला, “म्हातारपणी रेषा झिजतात, काका.”

“झिजतात?” काकू मागून म्हणाल्या. “कशानं? पन्नास वर्षांत एक पेला विसळला नाही यांनी. माझा घ्या.” काकूंचा अंगठा पहिल्या फटक्यात उमटला, पण त्याचा उपयोग नव्हता, पेन्शन काकांची. शेवटी कागदावर सही करून काका जिवंत ठरले. घरी येताना रिक्षात काकू म्हणाल्या, “बघा, यंत्रालासुद्धा संशय आला.”

लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मुलांनी हॉल घेतला. अमेरिकेतली सून माइक घेऊन म्हणाली, “आई-बाबा, तुमच्या सुखी संसाराचं रहस्य काय?” काका उठले, घसा साफ केला, म्हणाले, “११ डिसेंबर १९६७...” आणि काकूंनी माइक ओढून घेतला. जेवण पाऊण तास उशिरा झालं.

काका ऐंशी झाले, सहस्रचंद्रदर्शनही झालं. वाढीव पेन्शन तेवीस महिने मिळाली. पुढच्या हिवाळ्यात ते गेले, पहाटे, झोपेत. शेजारी म्हणून मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा काकू पलंगाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, “घोरणं थांबलं म्हणून जाग आली.”

दीडेक महिन्यानं मी त्यांच्याबरोबर बँकेत गेलो. मृत्यूचा दाखला, पेन्शनचे कागद, फोटो, सगळं त्यांनी काकांच्याच जुन्या ऑफिसच्या पिशवीत लावून आणलं होतं. काउंटरवरची मुलगी पंचविशीची, नव्यानं लागलेली दिसत होती. फॉर्म भरताना तिनं सहज विचारलं, “काका रेल्वेत होते का, आजी?”

काकू खुर्चीत सरळ झाल्या.

“मध्य रेल्वेत. बोरीबंदरला,” त्या म्हणाल्या. “चौऱ्याहत्तरच्या संपात तीन दिवस भूमिगत होते. पोलीस आले होते घरी.”

“बापरे!” ती मुलगी म्हणाली आणि पेन खाली ठेवून काकूंकडे बघायला लागली. मी पुढच्या वाक्याची वाट बघत थांबलो. काकूंनी पिशवीची चेन लावली, सही कुठे करायची ते विचारलं, केली, आणि उठल्या.

रिक्षा फडके रोडला अडकली तेव्हा मी न राहवून विचारलं, “काकू, पोलीस की मीटरवाला?”

“मीटरवाला.”

“आणि आमरस?”

“तिन्ही दिवस.”

“मग तिथे नाही सांगितलंत ते?”

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की बहुधा काकांकडेच पाहत असाव्यात.

“त्यांची पेन्शन आणायला गेले होते ना मी?” त्या म्हणाल्या. “तिथे कुणी आमरस काढतं होय!”