दाजींचा आवळा

वस्तू बिघडली की शहाणा माणूस आधी ती बघतो. आमचे दाजी आधी ती आवळतात.

नळ गळतोय, आवळा. कुकरचा दांडा हलतोय, आवळा. खुर्ची कुरकुरते, पंखा डुगडुगतो, चष्मा नाकावरून खाली येतो, पोरगं अभ्यासाला बसत नाही, सगळ्यांवर एकच औषध. लातूरच्या आडत बाजारात मुनीमगिरी करण्यात दाजींची हयात गेली. तूर आणि सोयाबीनचे हिशोब आवळता आवळता हाताला जे वळण लागलं, ते घरी आल्यावरही सुटलं नाही. परिणामी ताईच्या घरातला एकही नळ धड बंद होत नाही, कारण सगळ्यांचे आटे गेलेत. नळाखाली बादल्या ठेवल्या आहेत. बादल्यांच्या कड्यासुद्धा दाजींनी आवळून घेतल्या आहेत, त्यामुळे त्या खाली पडत नाहीत आणि वरही होत नाहीत.

असा एक आवळणारा माणूस आमच्या नांदेड-लातूर पट्ट्यात दर चार घरांआड सापडतो. त्याला ओळखायचं कसं, तर त्याच्याकडे पान्हा नसतो, पक्कड असते. पान्ह्याला माप लागतं. दहाचा नट असला तर दहाचाच पान्हा शोधावा लागतो, म्हणजे आधी नटाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. पकडीला कुणाचं काही ऐकून घ्यावं लागत नाही. हा माणूस जर नात्याने दाजी असेल, तर मग बघायलाच नको. बहिणीचा नवरा चुकतोय हे साल्याने सांगायची रीत आपल्याकडे नाही. साल्याने डबलसीट बसायचं आणि पुढच्याची पाठ बघायची.

दाजींची गाडी हिरो होंडाची स्प्लेंडर. हे मॉडेल 1994 साली निघालं. त्याच्या नऊ वर्षं आधी आलेल्या सीडी हंड्रेडने मराठवाड्याला पेट्रोल मोजून पिणाऱ्या गाडीची चटक लावून ठेवली होतीच, त्यामुळे स्प्लेंडर आमच्याकडे घरच्या माणसासारखी रुळली. हिरो आणि होंडा यांनी वेगळं व्हायचं ठरवलं ते 2010 च्या डिसेंबरात. दाजींच्या टाकीवर मात्र दोघांचा संसार अजून एकत्र आहे. गाडीत मुळात खोट नव्हती. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात दाजींनी स्वतःला सोडून सगळ्यांना दोष दिला.

2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, हे सगळ्यांना आठवत असेल. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवसापासून दाजींनी गाडी धुणं बंद केलं. दुष्काळ सरला, मांजरा धरण भरलं, शेजाऱ्यांनी अंगणात पाइपने गाड्या धुवायला सुरुवात केली, दाजींचं व्रत मोडलं नाही. "रेल्वेनं आलेलं पाणी पिलेली माणसं आम्ही, गाडीवर ओतूलालाव व्हय?" ते विचारत. पण नाव दुष्काळाचं होतं, खरा मामला आळसाचा होता. धूळ, चिखल, पुन्हा धूळ असे थर बसत गेले आणि हॅंडलवरचा क्लचचा लिव्हर जिथे बोल्टवर फिरतो तिथे त्यांचं सिमेंट झालं. क्लच वायर आतून कोरडी ठणठणीत. तेलाचा थेंब तिने शोरूममध्ये पाहिला असेल तेवढाच.

लिव्हर इतका कडक झाला की गिअर टाकायच्या आधी दाजी श्वास भरून घेत. पैलवानाचा असावा तसा त्यांचा डावा पंजा झाला होता. एवढा जड लिव्हर पूर्ण दाबायचा म्हणजे दिवसाला शे-दोनशे जोर काढण्यासारखं. मग दाजींनी विचार केला आणि डोक्यात उत्तर एकच होतं. त्यांनी वायरच आवळली. आता लिव्हर नुसता टेकवला तरी क्लच सुटायचा. "बघ, निम्म्या दाबात काम," ते मला म्हणाले होते. मीही तेव्हा मान डोलावली होती. सालाच मी.

इथे क्लचच्या पोटात काय असतं ते सांगायला हवं, नाही तर दाजींचा पराक्रम नीट कळणार नाही. इंजिनाच्या उजव्या अंगाला झाकणाआड प्लेटा रचलेल्या असतात. एक घर्षणाचा थर असलेली, एक साधी लोखंडी, पुन्हा एक घर्षणाची, दुरडीत भाकरी रचाव्यात तशा. स्प्रिंगा त्यांना घट्ट दाबून धरतात, म्हणून इंजिनाची ताकद गिअरमार्गे चाकाला जाते. आपण लिव्हर दाबतो तेव्हा ही चळत सैल पडते आणि इंजिन सुटं होतं. म्हणजे नेहमी दाबलेलं राहायचं काम स्प्रिंगांचं आहे, आपल्या हाताचं काम फक्त सोडवण्याचं. त्यासाठी लिव्हरच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी, दहा ते वीस मिलिमीटर ढील ठेवावी लागते. मिस्त्री लोक तिला 'प्ले' म्हणतात. ती ढील संपली, की आपण लिव्हरला हात न लावताही चळत थोडी सैलच राहते. प्लेटा एकमेकींवर घसरतात, तापतात, करपतात. अख्ख्या गाडीत मुद्दाम ढिल्या ठेवायच्या अशा ज्या मोजक्या जागा आहेत, नेमकी त्यांतलीच एक दाजींनी आवळली होती.

वर आणखी एक करामत होती. भाच्याच्या नव्या कारच्या सर्व्हिसिंगमधून इंजिन ऑइल उरलं होतं. दाजींनी ते स्प्लेंडरला पाजलं. कारचा क्लच कोरडा, इंजिनापासून वेगळा; मोटरसायकलचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला. कारच्या पातळ तेलात गुळगुळीतपणा यावा म्हणून जे मिसळतात, ते इंजिनाला गोड लागतं आणि क्लचला पांगळं करतं. मोटरसायकलच्या तेलाच्या डब्यावर 'जासो एमए' अशी अक्षरं असतात ती याचसाठी. दाजींनी डबा बघितला होता, पण किंमत बघायला. ती शून्य होती.

2023 साली श्रावण अधिक आला. अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं, पुरणाचे धोंडे करायचे, वाणात तेहतीस अनारसे द्यायचे. आईने नांदेडहून फर्मान काढलं. ताई पोरांना घेऊन एसटीने आधीच पोचली. दाजींना आणायला मला लातूरला धाडलं, कारण मानाचा जावई एकटा येत नसतो. मी परतीच्या दोन तिकिटांची गोष्ट काढली, तर दाजी हसले. "गाडी असताना एसटी? बस मागं."

लातूर ते नांदेड साधारण 140 किलोमीटर. चाकूर, शिरूर ताजबंदपर्यंत सगळं ठीक चाललं. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढं सोयाबीन, वर ढग, दाजी मजेत. अहमदपूरच्या अलीकडे एका ट्रकला ओलांडायचं म्हणून त्यांनी ॲक्सिलेटर पिळला. इंजिनाने असा टाहो फोडला की ट्रकवाल्याने बाजू दिली. गाडी मात्र होती त्याच चालीने चालत राहिली. आवाज ऐंशीचा, वेग तिसाचा. ट्रक बिचारा बाजू देऊन वाट बघत होता, शेवटी कंटाळून पुढे निघून गेला.

"पिकअप मारायलाय," मी भीत भीत म्हणालो.

"हवा समोरची हाय."

अहमदपूरला चहा झाला. दाजींनी डिकीतून पक्कड काढली, वायरचं अॅडजस्टर गाठलं आणि दोन वेढे आवळले. मग गाडी तिसाची पंचविसावर आली. बालाघाटाचे चढ लागले तसं मी उतरून चालायला लागलो. माझ्या पुढे दाजी, इंजिन गर्जना करतंय, आणि आम्हा दोघांत अंतर वाढत नाहीये. मागून एक पोरगं सायकलवर आलं, दोघांना ओलांडताना त्याने आधी माझ्याकडे, मग दाजींकडे बघितलं आणि काही न बोलता गेलं. ते काही बोललं असतं तर बरं झालं असतं.

माळेगावला खंडोबाच्या देवळासमोर थांबलो. इथल्या यात्रेत घोडे, गाढवं, खेचरं यांचा मोठा बाजार भरतो. यात्रा मार्गशीर्षात, त्यामुळे तेव्हा माळ मोकळा होता. नाही तर मी त्या दिवशी नक्की व्यवहार केला असता. हवेत जळक्याचा वास होता. दाजी म्हणाले, कुणाच्या तरी चुलीवर भाकर करपली. मी म्हणालो, चळतच करपली. ते त्यांना कळलं नाही. त्यांनी पुन्हा पक्कड काढली.

दुपारी बाराला निघालेलो, नांदेडला दिवे लागल्यावर पोचलो. सकाळी धोंड्याचं जेवण होतं, पण मानापेक्षा गाडी आधी. देगलूर नाक्याकडे माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, तिकडे ढकलत नेली. दाजींच्या चेहऱ्यावर मात्र वेगळंच दुःख होतं. लातूरची गाडी नांदेडात खोलली जाणार! हे दुःख बाहेरच्यांना समजणार नाही. दोन्ही जिल्ह्यांनी महाराष्ट्राला दोन-दोन मुख्यमंत्री दिले, तिथे बरोबरी झाली. विभागीय आयुक्तालय कुणाच्या गावाला यावरून मात्र जी जुंपली, ती अजून पानटपऱ्यांवर चालू आहे. "आमच्याकडचा मिस्त्री असता तर खोलायचं कामच पडलं नसतं," दाजी म्हणाले. "लातूर पॅटर्न हाय आमचा." म्हणजे लातूरची पोरं परीक्षेसाठी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवतात तसे तिथे मिस्त्री जुने क्लच सोडवतात, असा काहीसा त्यांचा समज असावा.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं. ते कमी बोलतात. लिव्हर एकदा दाबून बघितला, हात झटकला आणि दाजींकडे नाही, माझ्याकडे बघून विचारलं, "किसने टाईट करा?"

मी दाजींकडे बघितलं नाही. तेवढंच मी नात्यासाठी करू शकलो.

"प्ले-च नै इसमें." त्यांनी दहाचा पान्हा घेतला, लॉकनट सैल केला आणि अॅडजस्टर उलटा फिरवत नेला. दाजी एकदम पुढे सरसावले. "अवो, ढिलं काय करूलालाव? आधीच घसरायलाय!" साठ वर्षांच्या आयुष्यात बिघडलेली वस्तू कुणी ढिली करताना त्यांनी पहिल्यांदाच बघितली होती. दवाखान्यात डॉक्टरने पेशंटला पळायला सांगावं तसा तो चेहरा होता.

नुसतं ढिलं करून भागणार नव्हतं. तेल काढलं, उजवं झाकण उतरवलं. प्लेटा बाहेर आल्या तेव्हा घर्षणाचा थर गुळगुळीत आरशासारखा झालेला, लोखंडी प्लेटांवर जांभळे-निळे डाग, स्प्रिंगा दमून आखूड. "प्लेटां जल के पापड हो गये," मिस्त्री म्हणाले. मग लिव्हर. बोल्ट निघेना. रॉकेल, थांबा, हातोडीची हलकी टिचकी, पुन्हा रॉकेल. शेवटी निघाला तेव्हा त्याच्याबरोबर 2016 पासूनची लातूरची माती निघाली. वायर तर टोकाशी उसवलेली होती, एकेक तार झाडूच्या काडीसारखी उभी. म्हणजे कडकपणा निम्मा बोल्टचा, निम्मा वायरचा. नवी वायर आली. मिस्त्रींनी प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून वायरच्या तोंडाला नरसाळं बांधलं आणि वरून तेल सोडलं, खालच्या टोकातून ठिबकेपर्यंत. बोल्टला ग्रीस लावलं. वायर हॅंडलवरून नेताना कुठे मुरड पडू दिली नाही, सावकाश वळवली.

नव्या प्लेटा मात्र त्यांनी बसवल्या नाहीत. तेलाच्या डब्यात बुडवून ठेवल्या. "रातभर पीने दो. सुबह आव." कोरड्या बसवल्या तर पहिल्याच झटक्यात करपतात म्हणे. दाजींना हे पटलं नाही. त्यांच्या मते एवढं तेल वाया घालवणं हा नांदेडचा माज होता, गोदाकाठचा.

सकाळी गाडी तयार. दाजींनी लिव्हर दाबला आणि दचकले. दोन बोटांत आला. त्यांनी पुन्हा दाबला, सोडला, दाबला, मंदिरात घंटा वाजवणाऱ्या पोरासारखं. "लागला का?" त्यांनी मला विचारलं. एवढ्या हलक्यात काही लागू शकतं यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. टोकाला बोटाच्या पेराएवढी ढील होती. ती चाचपताना त्यांचा हात खिशाकडे गेला, पण पक्कड मी रात्रीच आईच्या पाट्या-वरवंट्यामागे ठेवून दिली होती.

बिल सोळाशे झालं. जावई सासरी आलेला, त्यातून धोंड्याचा महिना. पैसे कुणी द्यायचे हा प्रश्नच नव्हता. आईने वाणाच्या ताटात तेहतीस अनारसे मांडले, मी मनातल्या मनात त्यात एक क्लच सेट, एक वायर आणि नऊशे मिलीची तेलाची बाटली मांडली. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते यालाच. फरक एवढाच की आवळा दाजींनी दिला, कोहळा मिस्त्रींनी काढला आणि फोडी माझ्या वाट्याला आल्या.

दाजी त्याच संध्याकाळी सुखरूप लातूरला पोचले. मला वाटलं विषय संपला. पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला. आवाज रडवेला.

"तुझ्या दाजींना काय शिकवून धाडलंस रे?"

"काय झालं?"

"सगळं ढिलं करत सुटलेत. म्हणतात, जरा प्ले पायजे. कुकरची शिट्टी ढिली केली. देवघराचं दार ढिलं केलं, देव रात्री उघडे. काल पंख्याला स्टूल लावून चढले होते, तो तेवढा मी काढून घेतला."

"पंखा?"

"स्टूल!"

दिवाळीत भाऊबीजेला लातूरला गेलो तेव्हा दाजी गल्लीच्या तोंडाशी दहा-बारा जणांत उभे होते. कुणाची तरी बजाज स्टॅंडवर होती. दाजी समजावत होते, "वायर दोन वेढे ढिली करा. नांदेडच्या मिस्त्रीला मीच सांगितलं, त्याच्याकडं कुठं एवढी अक्कल." मला बघून ते लगबगीने आले. मी उतरायच्या आतच त्यांनी माझ्या हॅंडलकडे हात घातला, आणि क्लचचा नाही, समोरचा ब्रेकचा लिव्हर दाबून बघितला.

"लई टाईट हाय रे," ते म्हणाले. "थांब, पान्हा आणतो."

आता लातूरला गेलो की गाडी मी गंजगोलाईला लावतो आणि ताईच्या घरापर्यंत चालत जातो.