उपासाचा ऑक्टोपस

अथेन्सला निघालेली मराठी मंडळी सॉक्रेटिस आणि प्लेटोची उजळणी करून जातात. त्यापेक्षा हात आवरायची सवय करून गेलेलं बरं. प्लाका भागातल्या एका खानावळीत आमच्या ग्रुपमधल्या काकांनी पाच कॉफ्या मागवताना वेटरच्या तोंडासमोर पंजा उघडला. बोटं फाकवून तळवा समोरच्याला दाखवणं ही तिथली जुनी, सणसणीत शिवी. बायझंटाइन काळात गुन्हेगाराच्या तोंडाला राख फासत, त्यातून ती आली असं सांगतात. वेटरचा चेहरा पाहून काका गडबडले आणि ‘नाही हो, तसं नाही’ म्हणत त्यांनी दुसराही पंजा वर केला. दोन हातांनी ती शिवी दुप्पट होते.

तरीही कॉफी आली. साखर किती ते आधीच सांगायचं, कारण ती ब्रिकी नावाच्या छोट्या भांड्यात कॉफीबरोबरच उकळते. तळाचा गाळ प्यायचा नसतो. काकांनी तो चमच्याने ढवळून वर आणला. हीच कॉफी पूर्वी तिथे ‘तुर्की’ म्हणून मिळायची. 1974 साली सायप्रसवरून तुर्कस्तानशी बिनसलं आणि ती ‘ग्रीक’ झाली. चव तीच. एका कपावर दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाही. आमच्या टूर मॅनेजरने मात्र पंधरा मिनिटं दिली होती.

तो दिवस मंगळवार. 29 मे 1453 रोजी कॉन्स्टँटिनोपल पडलं तेव्हा मंगळवार होता, म्हणून हा वार ग्रीकांना अशुभ. त्यात 13 तारीख आली तर विचारायलाच नको. हे ऐकून काकू बिथरल्या. गणपतीच्या वाराला कुणी नावं ठेवलेली त्यांना चालत नाहीत.

पण त्याच काकू लगेच खुलल्या, कारण ईस्टरआधीचा मोठा उपास चालू असल्याचं कळलं. चांगले सात आठवडे मांस नाही, अंडी नाहीत, दूध-चीज नाही, मासेसुद्धा नाहीत. शाकाहारी माणसाने ग्रीसला जावं ते याच दिवसांत. ‘निस्तीसिमा’ म्हणजे उपासाचं, एवढं म्हटलं की टपोऱ्या पांढऱ्या घेवड्याची भाजी, भात भरलेली द्राक्षाची पानं, लिंबू पिळलेला पाला, तिळाचा हलवा असं सगळं येतं. काकूंनी म्हटलं. वेटरने घेवडा ठेवला आणि शेजारी भाजलेल्या ऑक्टोपसचा एक लांबलचक पाय.

“अहो, उपास ना?”

वेटर शांत. माशाला रक्त असतं, ऑक्टोपसला नसतं, असा तिथला हिशेब. म्हणून ऑक्टोपस, माकूळ, कोळंबी, शिंपले सगळे उपासाला चालतात. (प्राणिशास्त्राला कुणी विचारलेलं नाही.) 25 मार्चला मात्र मासाही चालतो, त्या दिवशी घरोघरी खारवलेला कॉड तळतात आणि लसणाच्या चटणीशी खातात. काका हसायला लागले. पण बटाटा, मिरची, शेंगदाणे आणि साबुदाण्याचा कंद ही अमेरिका खंडातून आलेली मंडळी ज्यांच्या एकादशीला चालतात, त्यांनी फार हसू नये.

काकूंनी ऑक्टोपस काकांकडे सरकवला आणि मोठ्या आशेने विचारलं, “मग उपास सोडताना गोड काय करता?”

वेटर रंगात आला. शनिवारी मध्यरात्री चर्चमधून मेणबत्त्या घेऊन घरी यायचं, लाल रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटायची आणि मग मागिरित्सा: कोकराचं काळीज, फुप्फुस, आतडी बारीक चिरून शेपू घातलेलं गरमागरम सूप.

काकूंनी उपास न सोडण्याचं ठरवलं.