पुराव्यानिशी रसिक

दिवाळी सरली की मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लांजीच्या बाजूला दंडार हे लोकनाट्य उभं राहतं, बैहरच्या जंगलपट्टीत करमा नाच रंगतो, आणि हौस व वर्गणी दोन्ही जमली तर ऑर्केस्ट्राही येतो. या सगळ्याला अलीकडे एक नवा रसिक लाभला आहे. तो पहिल्या रांगेत उभा राहतो, मोबाइल धरलेला हात उंच करतो आणि मागच्यांना रंगमंचाऐवजी आपलं मनगट दाखवतो. त्याची टिंगल करू नये. ढोलकीवालासुद्धा दोन गाण्यांच्या मध्ये हात सैल सोडतो. हा गडी बॅटरी संपेपर्यंत हात खाली घेत नाही, तेही बिदागीशिवाय. एवढ्या कष्टातून हाती काय लागतं, इतकंच विचारायचं आहे. माझं म्हणणं असं, की गाण्याचं इतकं चित्रण कधी झालं नव्हतं आणि त्यातून गाणाऱ्याबद्दल इतकं कमीही कधी कळलं नव्हतं.

१९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान तबकडीसाठी गायल्या. तबकडी जेमतेम तीन मिनिटांची; तरी शेवटी त्यांनी स्वतःचं नाव ठणकावून सांगितलं, कारण ती छापली जाणार होती जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि लेबलावर कुणाचं नाव घालायचं हे तिथल्या कारागिरांना कळायला हवं होतं. आपल्याच मैकल डोंगररांगेत मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन आणि त्यांचे सहकारी शामराव हिवाळे यांनी लोकांची गाणी गोळा केली आणि १९४४ मध्ये ‘फोक-साँग्ज ऑफ द मैकल हिल्स’ हा जाडजूड संग्रह काढला. आज त्याच पट्ट्यातल्या करमाचा व्हिडिओ उघडा. चित्र लख्ख, आवाज भोंग्यात फाटलेला, खाली ‘फुल धमाल’. गाव कोणतं, मांदर हा ढोल कोण वाजवतंय, पुढे गाणारी बाई कोण, याचा पत्ता नाही. नाव एकच दिसतं, आडवं आणि भल्या मोठ्या अक्षरांत: चित्रण करणाऱ्याचं.

यावर ‘आठवण म्हणून काढतो’ असं उत्तर येतं. ते खरं असतं तर भांडणच नव्हतं. लिंडा हेंकेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयात प्रयोग केला आणि २०१४ मध्ये निष्कर्ष छापले: ज्या वस्तूंचे फोटो काढले, त्या लोकांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र ज्यांनी वस्तूचा एखादा भाग जवळ आणून टिपला, त्यांची आठवण शाबूत राहिली. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नाही. काय जवळ आणावं याचा आहे. आपल्याकडे सगळ्यात जवळ येतो तो स्वतःचा चेहरा, आणि दंडार त्याच्या कानामागे कुठेतरी चालू असते.

‘मग फोटो काढूच नयेत की काय?’ अवश्य काढावेत. सतीश पाकणीकरांनी पुण्यात गायक-वादकांची टिपलेली प्रकाशचित्रं पाहावीत. तिथे गाणं माहीत असलेला माणूस कॅमेऱ्यामागे उभा आहे, हे कळतं. परदेशी रॉक मैफलींत तर छायाचित्रकारांना बहुधा पहिल्या तीन गाण्यांपुरतीच मुभा असते, तीही फ्लॅशशिवाय. हा नियम ख्यालगायनाला लावू नये, तीन चिजांत अख्खी बैठक उरकते. राहिला ‘तिकिटाचे पैसे दिलेत’ हा शहरी युक्तिवाद. मंडईत तिकीटच नसतं, त्यामुळे तो इथे बाद.

तेव्हा मंडई समित्यांना एक सूचना. मोबाइल खुशाल उंचावू द्या; फक्त व्हिडिओखाली वाजवणाऱ्याचं नाव, गाव आणि गाण्याचा प्रकार लिहिल्याशिवाय तो पुढे पाठवायचा नाही, असं लाउडस्पीकरवरून दर तासाला सांगा. कुणी म्हणेल, ही माहिती कुठून आणायची? मांदरवाल्याला विचारा. तो मांडवामागे चहा पीत बसलेला असतो आणि त्याला अजून कुणी काही विचारलेलं नाही.